रुईधारची नवी लिफ्ट आणि अप्पांचा पट्टा

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. दुपारी दुकानात मंद्रूपच्या एक बाई लेकीच्या रुखवतासाठी चादरी बघायला आल्या होत्या आणि अप्पा त्यांना मोराच्या नक्षीची चादर उलगडून दाखवत होते. तेवढ्यात अप्पांचा मोबाईल वाजला. त्यांनी व्हिडिओ उघडला, चादरीचं एक टोक बाईंच्या हातात तसंच सोडलं आणि खुर्चीत जाऊन बसले.

"अवो, रंग जातोय का, त्ये तरी सांगा की," बाई म्हणाल्या.

"जाणार," अप्पा मान वर न करता म्हणाले. "नक्की जाणार."

बाई चादर टाकून निघाल्या. त्यांना दारातून परत आणून, रंग जात नाही, हे आमचे अप्पाच कुठेतरी जाणार असं दिसतंय, हे समजावता समजावता माझी दहा मिनिटं गेली. मग मी व्हिडिओ बघितला. देवदारांच्या मधून वर चढत गेलेला जाड दोर, त्याला लटकलेल्या हिरव्या कोऱ्या खुर्च्या, अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. मागून एक खरखरीत आवाज: "चद्दरजी, देख लो! जनवरी के आखिरी इतवार को चालू. आ जाओ."

ओळख करून देते. अप्पा म्हणजे माझे वडील, वय एकोणसत्तर. मी नंदा, त्यांची एकुलती एक. सोलापुरात चादरी-टॉवेलचं आमचं दुकान आम्ही दोघं मिळून चालवतो, म्हणजे चालवते मी आणि चुका ते काढतात. खरखरीत आवाज ठाकूरजींचा. हिमाचलात रुईधार नावाचा एक डोंगर आहे, तिथे ते लोकांना बर्फावर स्की करायला शिकवतात.

सोलापूरच्या माणसाला बर्फ माहीत असतो तो उसाच्या रसातला. मग ही ओळख झाली कशी? तर वीसेक वर्षांपूर्वी अप्पा तिकडच्या हॉटेलांना चादरी विकायला गेले. बर्फाच्या गावात सुती चादर विकायला निघालेला माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर सोलापूरचा. ऑर्डर मिळाली, कारण रजई मळू नये म्हणून वर काहीतरी घालावं लागतंच. पण ती मिळेपर्यंत चार दिवस थांबावं लागलं आणि त्या चार दिवसांत ठाकूरजींनी त्यांच्या पायाला दोन फळ्या बांधल्या. तिथून पुढे ओळीने अकरा हिवाळे अप्पा 'ऑर्डर घ्यायला' जात राहिले. एवढ्या ऑर्डरी खरंच आल्या असत्या तर आज आमचा कारखाना असता.

मग जुनी लिफ्ट बंद पडली. लिफ्ट कसली, एका तारेला लोंबणाऱ्या थाळ्या, त्या पायांमध्ये धरायच्या आणि ओढत वर जायचं. अप्पा तिला खुंटी म्हणायचे. खुंटी गेली, तसे रुईधारला जाणारेही थांबले. सात वर्षं झाली.

आता मुख्य गोष्ट. या अकरा वर्षांत अप्पा एकदाही डोंगराच्या माथ्यावरून पायथ्यापर्यंत न पडता आले नव्हते. एकदासुद्धा नाही. आणि याचं कारण सोलापुरातच आहे.

आमच्याकडे संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. त्यात पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी भलेमोठे उंच नंदीध्वज उभे धरून शहरभर चालतात. आम्ही घरात त्याला नुसती काठी म्हणतो. काठीचं बूड कमरेच्या पट्ट्याला पुढे शिवलेल्या खिशात टेकवायचं, दोन्ही हातांनी तोल धरायचा, अंग थोडं मागे टाकायचं आणि नजर ठेवायची वर, शेंड्यावर. शेंडा कुठे झुकतोय ते बघत पावलं टाकायची. अप्पांनी ही काठी चाळीस वर्षं धरली. त्यामुळे पायाखाली काहीही सरकायला लागलं की त्यांचं अंग आपोआप मागे जातं आणि नजर आभाळात. स्की करताना नेमकं उलटं हवं. अंग पुढे, नजर समोर. ठाकूरजी घसा फोडून ओरडायचे, "चद्दरजी, ऊपर क्या देखते हो? आसमान में दुकान खोलनी है?" तोवर अप्पा पाठीवर.

दर वर्षी परत आले की मल्लप्पा काका दुकानात यायचे. काका म्हणजे काठी धरणाऱ्यांतले अप्पांचे जोडीदार आणि सोलापुरातले अव्वल नंबरचे खवचट. बसायच्या आधीच विचारायचे, "काय रे, औंदा तरी न पडता आलास काय?" अप्पांना खोटं बोलता येत नाही. गिऱ्हाईकालासुद्धा ते सांगतात, हा टॉवेल बरा हाय, पण त्यो जास्त बरा हाय. ते मान खाली घालून म्हणायचे, "न्हाय." आणि काका वर्षभर पुरेल इतकं हसायचे.

चार वर्षांपूर्वी अप्पांचा उजवा गुडघा गेला आणि काठी सुटली. पट्टा दुकानात गल्ल्यामागच्या खिळ्याला अडकला. आजोबांनी मागावर विणून घेतलेला, सात पदरी सुताचा. काठीवाल्या मंडळींनी दोन-तीनदा विचारलं, पट्टा कुणाला देणार? अप्पा म्हणायचे, बघू. एवढंच. त्यानंतर त्यांनी स्वतःहून काही मागितलं नव्हतं. चहा दिला तर घ्यायचे, नाही दिला तर आठवण करायचे नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन करा म्हणून डॉक्टर मागे लागले होते, त्यालाही बघू. मला त्या 'बघू'ची भीती वाटायला लागली होती. म्हणून त्या दुपारचं 'जाणार' ऐकलं आणि मी नवऱ्याला सांगून टाकलं, जानेवारीत आठ दिवस दुकान तू बघ.

डॉक्टर म्हणाले, लिफ्टमध्ये बसा, फोटो काढा, पण पायाला फळ्या बांधायच्या नाहीत, गुडघा निखळेल. मी अप्पांना सिद्धेश्वराच्या फोटोसमोर उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली. त्यांनी देवाकडे बराच वेळ बघितलं. "घेतो," म्हणाले, आणि अगदी बारीक आवाजात पुढे, "पर त्येला बी वाईट वाटत आसंल."

बंगळूरहून दिल्लीला जाणारी गाडी सकाळी सोलापुरात येते. यात्रेच्या दिवसांत तिकीट मिळत नाही, तेव्हा दोन महिने आधी काढा. खालचा बर्थ मागून घ्या, गुडघेवाल्यांचे हाल होतात. डब्यात आमची शिदोरी उघडली तेव्हा केम स्टेशनसुद्धा आलं नव्हतं: कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, आणि कांदा अप्पांनी बुक्कीनं फोडलेला. समोरच्या भोपाळच्या काकूंनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि दात सांभाळत विचारलं, "ये कब की बनी है?" मी म्हणाले, परवाची. पुढच्या सोमवारीही अशीच लागेल. प्रवासाला यासारखं अन्न नाही. ही भाकरी शिळी होत नाही, कारण ताजी असतानाही ती तशीच असते.

दिल्लीहून संध्याकाळची वातानुकूलित बस, सकाळी खालचं मोठं गाव, तिथून रुईधारसाठी जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही. पूर्ण जीप केली तर दोन हजारांच्या आसपास पडते, सीटवर बसलात तर दीडशे-दोनशे. आम्ही सीटवर बसलो. शेवटचे सहा किलोमीटर चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात. रस्ता वळणांचा, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. उलटीची गोळी घ्या आणि खिडकीची जागा शहाण्या माणसाला द्या.

वळणावरून पहिल्यांदा बर्फ दिसला तेव्हा मी काच पुसून पुन्हा बघितलं. सांगायला लाज वाटते, पण अकरा वर्षं मला वाटायचं, अप्पा थोडं वाढवून सांगतात. पूर्ण डोंगर पांढरा. नुसता पिंजून टाकलेला कापूस. अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि भुवई तेवढी उडवली. तेही त्यांना शोभून दिसलं.

ठाकूरजी जीपच्या थांब्यावर उभे होते. सहासष्ट वर्षांचे, उन्हाने भाजलेला चेहरा, डोळ्यांभोवती चष्म्याचं पांढरं गोल. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले आणि मग दोघांनी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी केली. त्यांच्याच घरी राहायची सोय. दोन वेळचं जेवण धरून माणशी हजार रुपये. गरम पाण्याची बादली सकाळी सातला येते, त्यानंतर मागितलीत तर ठाकूरजींच्या पत्नी हसतात, पाणी देत नाहीत. जेवायला सिड्डू. वाफवलेला जाड पाव, आत अक्रोडाचं सारण, वर वाटीभर तूप. मी चार खाल्ले. अप्पांनी त्यांना कडक भाकरी भेट दिली. ठाकूरजींनी ती उन्हात धरून बघितली, टकटक वाजवली आणि पत्नीला विचारलं, ही खायची की भिंतीला लावायची?

झोपायला जाताना अप्पांच्या स्वेटरखाली काहीतरी जाड दिसलं. खिळ्यावरचा पट्टा. "कंबर धरती थंडीत," म्हणाले. पूर्वीही रुईधारला येताना ते हा बांधायचे म्हणे, पडलं तरी पाठीला लागत नाही.

रविवार उजाडला. उद्घाटनाचा मांडव, झेंडूच्या माळा, स्पीकर, सगळं तयार. लिफ्ट मात्र चालेना. बिघाड नव्हता. देवाने होकार दिला नव्हता.

हे मला कळायला तास लागला, तुम्हाला थोडक्यात सांगते. रुईधारचं कुरण गावच्या देवाचं आहे. तिथे झाड तोडायचं तरी देवाला विचारायचं. देव बोलतो गूरच्या तोंडून. गूर म्हणजे ज्याच्या अंगात देवाचं वारं येतं तो माणूस, एरवी तो गावात सफरचंदाची बाग करतो. खांब उभे करायच्या वेळी देवाने परवानगी दिली होती. आता चौकात पुन्हा बैठक बसली. ढोल, लांब कर्णे, गूरने टोपी उतरवली, मोकळे केस थरथरायला लागले. बायाबापड्या हात जोडून उभ्या. देव म्हणाला, माझ्या कुरणावरून माझ्याआधी कुणी उडत जाणार नाही. पहिला मी बसणार.

लिफ्टच्या तरुण इंजिनिअरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पर्यटक वैतागले. एक जण म्हणाला, हे काय आजच्या जमान्यात. मीही मनातून वैतागलेच होते, आमची परतीची बस मंगळवारी संध्याकाळची होती. अप्पा मात्र खूश. "बरोबर हाय की! मालकाच्या आधी पाव्हणा बसतो काय कुटं?" आणि त्यांनी चौकातच मांडी ठोकली, कारण गुडघा वाकत नाही हे ते विसरले होते. उठवायला दोघं लागले.

सोमवारी अडचण कळली. देवाच्या पालखीला दोन लांब दांडे. चौघांची खुर्ची सहा फुटांची. पालखी तिरकी घालून बघितली, उभी घालून बघितली, आणि आडवी घालायचं कुणी नुसतं सुचवलं तर गूरच्या एका नजरेत तो मागे सरकला. शेवटी तोडगा निघाला: पालखी खाली थांबेल, देवाची छडी वर जाईल. छडी म्हणजे सात फुटांचा चांदीने मढवलेला दंड. छडी गेली म्हणजे देव गेला. पण तिचे नियम होते. ती आडवी करायची नाही, जमिनीला किंवा खुर्चीला टेकवायची नाही, आणि धरायची ती ठाकूरजींच्या घराण्यातल्याच माणसाने. इंजिनिअरने आपला एक नियम जोडला: खांबाजवळ छडी खुर्चीच्या बाहेर झुकली तर मी लिफ्ट थांबवणार. हवेत, जिथे असेल तिथे.

दुपारी तालीम झाली. छडीच्या जागी बांबू. ठाकूरजी खुर्चीत बसले, लिफ्ट कुरणाच्या अलीकडे, ओट्यापुरतीच, दहा पावलं पुढे गेली, खुर्ची झुलली आणि बांबू सरळ पुढे कलंडला. पुन्हा बसले, पुन्हा कलंडला. पन्नास वर्षं बर्फावर काढलेला माणूस. खाली काही हललं की त्याचं अंग पुढे जातं आणि नजर समोर उतारावर. तिसऱ्यांदा कलंडला तेव्हा गावकरी एकमेकांकडे बघायला लागले. आपल्या हातून देवाची छडी पडणार, हे ठाकूरजींच्या तोंडावर लिहिलं होतं. त्यांच्या घराण्यात धरू शकेल असं दुसरं कुणी नव्हतं, मुलगा फौजेत लडाखला.

माझ्या शेजारी अप्पा उभे होते आणि मघापासून त्यांचे हात हवेत काहीतरी सावरत होते. "मागं," ते पुटपुटत होते. "मागं घे. शेंडा बघ. आरं शेंडा बघ की!" शेवटचं ते एवढ्या मोठ्याने ओरडले की ढोलवाल्याने मागे वळून बघितलं.

मग ते लंगडत पुढे गेले. तिथेच, सगळ्यांसमोर, जाकीट काढलं, स्वेटर वर केला, पट्टा सोडला आणि ठाकूरजींच्या कमरेला बांधायला लागले. गूर पुढे आला. "चमड़ा?" त्याने विचारलं. देवाजवळ चामडं चालत नाही. "सूत हाय," अप्पा मराठीतच म्हणाले. "सोलापूरचं. बघा हात लावून." गूरने पट्ट्यावरून हात फिरवला, पदर मोजले आणि मान हलवली.

त्यानंतर अडीच तास मी जे बघितलं त्यासाठी पुन्हा एवढा खर्च करायला मी तयार आहे. ओट्यावर एका फळीवर ठाकूरजी बांबू घेऊन बसलेले, दोघं गावकरी खुर्ची समजून ती फळी हलवणारे, आणि समोर आमचे अप्पा, अकरा वर्षांचा हिशेब चुकता करत: "ठाकूरजी, नीचे क्या देखते हो? ऊपर! पीछे! और पीछे! पहाड में दुकान खोलनी है क्या?"

ठाकूरजी म्हणाले, पूरी उमर मैंने लोगों को यही करने पर डाँटा है.

"आता उलटं करायचं," अप्पा म्हणाले. "हात ढिले. वजन कमरेवर. काटीला धरायचं न्हाय, काटीसंगट बसायचं." हे मराठीतलं वाक्य ठाकूरजींना कळलं कसं, देव जाणे. पण ऊन उतरायच्या सुमाराला फळी कितीही हलवली तरी बांबू उभा राहायला लागला.

मंगळवारी सकाळी उणे सहा. कर्णे वाजले, गूर नाचला, छडी पट्ट्याच्या खिशात बसली. पहिल्या खुर्चीत ठाकूरजी एकटे. गावाने ठरवलं की दुसऱ्या खुर्चीत अप्पा, आणि अप्पांसोबत मी. तांबड्या रेघेवर उभं राहायचं, खुर्ची मागून येऊन पोटरीला हलकेच टेकते, बसायचं. तेवढंच. दांडी खाली ओढायला विसरू नका.

पाय जमिनीवरून सुटले. खाली कुरण, देवदार, कुणा जनावराची पावलं एका ओळीत गेलेली. मला ते आत्ता आठवतंय. तेव्हा मी फक्त पुढच्या खुर्चीकडे बघत होते. पहिला खांब आला. खुर्ची खडखडली, छडी डावीकडे गेली. "शेंडा!" अप्पा ओरडले. छडी उभी राहिली. दुसरा खांब. तिसऱ्याला वारा सुटला. अप्पांनी दांडी घट्ट धरली होती, अंग मागे, डोळे समोरच्या चांदीच्या टोकावर, आणि त्यांचे ओठ यात्रेत हलतात तसे हलत होते. लहानपणापासून मी त्यांना गर्दीतून असं बघितलं होतं, आधी आधी तर पुढचं काही दिसत नाही म्हणून मामाच्या खांद्यावर बसून. चार वर्षं ते दिसलं नव्हतं. मला रडू आलं. गालावर लगेच गार झालं, तेव्हा रडायचं असेल तर रुमाल हाताशी ठेवा.

छडी माथ्यावर पोचली. खाली ढोलांचा आवाज आला, बारीक, पण आला. ठाकूरजी उतरले, वळले आणि अप्पांच्या पायाशी वाकायला लागले. अप्पांनी त्यांना अर्ध्यातच धरलं. "साकु, साकु," म्हणजे पुरे, पुरे. भरून आलं की अप्पा कन्नडवर जातात.

आणि मग ठाकूरजींनी लिफ्टघराच्या मागून एक जोडी आणली. लाल, जुन्या, टोकाला पत्रा मारलेल्या फळ्या. अप्पांच्या. सात वर्षं त्यांनी मेण लावून ठेवल्या होत्या. अप्पांची शपथ ठाकूरजींना माहीत नव्हती.

अप्पांनी फळ्या हातात घेतल्या. खाली पूर्ण उतार पसरला होता, त्यावर एकही रेघ उमटलेली नव्हती. "नंदव्वा," ते म्हणाले. "शंभर पावलं फकस्त. शेवटचं."

मी खरं सांगते, मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. गुडघा, डॉक्टर, सिद्धेश्वर, काही आठवत नव्हतं. चार वर्षांनी माझ्या बापाने माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं.

त्यांनीच फळ्या भिंतीला टेकवल्या. "न्हाय. शपथ हाय," म्हणाले. "आन् शेवटचं म्हनलं की मानूस पडतंच."

उतरताना आम्ही खुर्चीनेच आलो. स्की न करणाऱ्यांना परतीचंही तिकीट मिळतं. अर्ध्यावर खाली स्कीच्या वाटेला एक मोठं वळण लागतं, तिथे लिफ्टबरोबरच नवी निळी पाटी लावली आहे. मी वाकून वाचलं आणि अप्पांना कोपराने ढोसलं. पाटीवर लिहिलं होतं: 'चद्दर मोड'. गावाने त्या वळणाला कधीच हे नाव दिलं होतं म्हणे, अकरा वर्षं एक माणूस न चुकता तिथेच पडतो म्हणून. सरकारी माणसाने विचारलं, इथे काय म्हणतात, आणि लिहून टाकलं. अप्पांनी पाटी दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून बघितली. वळण गेलं तसे त्यांनी दोन्ही पाय उचलून झुलवले.

निघताना ठाकूरजी पट्टा सोडायला लागले. अप्पांनी त्यांचा हात धरला. "राहू द्या. दर साली देव बसणारच की पयल्या खुर्चीत. तवा लागंल." मी अप्पांकडे बघितलं. हाच पट्टा चार वर्षं ते कुणाला देत नव्हते. ठाकूरजींनी तो पुन्हा बांधला, त्यावर हात ठेवला आणि जीप वळणाआड जाईपर्यंत तसेच उभे राहिले.

तुम्ही जाणार असाल तर: आता लिफ्ट रोज चालते, वर-खाली मिळून पाचशे रुपये. स्की, बूट, काठ्या भाड्याने मिळतात. फेब्रुवारीचा मध्य उत्तम. सोलापूरकरांनो, दोन स्वेटर सांगतात तिथे तीन घ्या. चादर नेऊ नका, तिथे आमच्याच आहेत.

आम्ही परत आलो तेव्हा सोलापुरात पंखे लागले होते. तिसऱ्या दिवशी अप्पा स्वतः डॉक्टरांकडे गेले आणि ऑपरेशनची तारीख घेऊन आले; त्यांचं म्हणणं, पुढच्या जानेवारीच्या आधी जे करायचं ते करून टाका. चौथ्या दिवशी दुपारी मल्लप्पा काका आले. बसायच्या आधी त्यांची नजर गल्ल्यामागच्या खिळ्यावर गेली.

"पट्टा कुटं हाय?"

"दिला," अप्पा म्हणाले.

काकांनी खिळ्याकडे पुन्हा एकदा बघितलं. मग सवयीने, पण जरा हळू आवाजात, विचारलं, "आन् काय? औंदा तरी न पडता आलास काय?"

अप्पा चादरीची घडी घालत होते. घडी पूर्ण केली, फडताळात ठेवली, वळले.

"व्हय," ते म्हणाले. "पार माथ्यावरनं खालपतूर आलो. एकदा बी पडलो न्हाय."

काकांचं तोंड उघडंच राहिलं. अप्पा खोटं बोलत नाहीत हे त्यांना चाळीस वर्षं माहीत. तरी खात्री करायला ते माझ्याकडे वळले. "खरं काय गं, नंदा?"

अप्पा फडताळाकडे तोंड करून उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"खरं की, काका," मी म्हणाले. "मी त्यांच्या शेजारीच होते."